डावीकडे जायचंय, उजवी लेन धरा

न्यू जर्सीत डावीकडे वळायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडे जावं लागतं. या वळणाला इथे ‘जगहँडल’ म्हणतात. पाण्याच्या जगला कान असतो तसा वळसा घालायचा, सिग्नलला यायचं आणि मग हायवे ओलांडायचा. 1998 मध्ये मी लग्न होऊन एडिसनला आले. नवरा गाडी चालवायचा आणि मी मांडीवर मॅपक्वेस्ट या वेबसाइटवरून छापलेले कागद घेऊन रस्ता सांगायचे. “आता राइट.” “अगं, जायचंय लेफ्टला!” या वादात रूट वन हायवेवरचा जगहँडल मागे पडायचा. एका सत्यनारायणाला तर आम्ही थेट प्रसादालाच पोचलो.

जीपीएसचे उपग्रह तेव्हाही डोक्यावर होतेच. पहिला 1978 साली गेला, 1995 मध्ये यंत्रणा पुरी झाली. पण अमेरिकी लष्कर सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालायचं, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. रूट वनवर शंभर मीटर म्हणजे जगहँडल गेलाच! मे 2000 मध्ये तो घोळ बंद झाला. पुढे आमच्या काचेवर एक डबी चिकटली. रस्ता चुकला की त्यातली बाई ‘रीकॅल्क्युलेटिंग’ म्हणायची आणि आवाज न चढवता नवी वाट सांगायची. तिच्या भरवशावर मी पहिल्यांदा एकटी हायवेवर गेले.

आता सतरा वर्षांची लेक गाडी चालवते. गेल्या महिन्यात टर्नपाइक हायवेवर टायर बसला म्हणून तिचा फोन आला. “कुठे आहेस?” “माहीत नाही गं, झाडं आहेत.” मग तिने लोकेशन पाठवलं आणि नकाशावर निळा ठिपका उमटला. माझा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री मी म्हटलं, ठिपका कायमचाच चालू ठेव. लेक शाळेत अमेरिकेची राज्यघटना शिकतेय. म्हणाली, “पोलिसांनी एकाच्या गाडीला जीपीएस लावून 28 दिवस माग काढला होता. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही झडतीच झाली. मग तू?”

मी गप्प झाले. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला खरं तर तिचा पत्ताच नसतो. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतो. निदान चार उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत ते फोन ठरवतो. चुगली करतो तोही फोनच, आणि त्याला करायला लावतो आपण.

शेवटी तह झाला. बर्फ पडत असेल तर ठिपका चालू, एरवी पोचल्यावर एक मेसेज. तुमच्याही फोनवर घरातल्या कुणाचा ठिपका असेल, तर त्या माणसाला एकदा विचारून घ्या.