छपरावरची वीज आणि तिचे मोल

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे 3,300 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याच जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेल्या सालेकसा तालुक्यात, पावसाळी वाऱ्याने एखादी फांदी तारेवर पडली की गावे अंधारात जातात. अशा तालुक्यातील कुटुंबांना आता छपरावर वीज निर्माण करून चार पैसे मिळविण्याचे आवाहन केले जात आहे. आवाहन स्वागतार्हच आहे. मात्र 'कमाई' हा शब्द तपासून घ्यावयास हवा.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन व त्याहून अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये केंद्रीय अनुदान ठरले. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो. जर्मनीने 2000 च्या कायद्याने तारेत सोडलेल्या प्रत्येक युनिटाला 20 वर्षे निश्चित भाव दिला, म्हणून तेथील शेतकऱ्याची गोठ्यावरील पटलेही उत्पन्न देऊ लागली. आपल्याकडील व्यवस्था निराळी. येथे द्विमार्गी मीटर बसते, दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते आणि वर्षाखेरीस उरलेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने मिळतात. तात्पर्य, येथील खरी कमाई बिलातील बचत हीच होय. महिन्याला 80 युनिट वापरणाऱ्या घराच्या गळ्यात तीन किलोवॅटचा संच मारणारा विक्रेता हा हिशेब क्वचितच मांडतो!

आणखी एक गोष्ट अशीच झाकून राहते. तारेतील प्रवाह खंडित झाला की हा संच आपोआप थांबतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू नये, यासाठीची ही तजवीज योग्यच आहे. परंतु बॅटरी नसेल तर भर दुपारी, लख्ख उन्हात, छपरावर पटले असूनही घरातील पंखा बंद! शिवाय तेवढ्या वेळची निर्मिती बुडते ती निराळीच. शहरात हे नुकसान किरकोळ ठरेल. जंगलातून आलेल्या लांब वाहिनीच्या टोकावरील गावात ते वर्षाचा हिशेब बिघडवू शकते.

कवेलूच्या घरांचा प्रश्न तर याहून आधीचा. पटलांचा सांगाडा पेलणारे छप्परच नसेल तर अनुदान कोणाच्या पदरात पडणार? शंभर युनिटांच्या आतील व दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी राज्याने 2025 मध्ये 'स्मार्ट' योजना आणली, हे उचित झाले. तिच्यात अंगणात उभारावयाच्या सांगाड्यांचा विचार झाला, तर गोंड वस्त्यांपर्यंत ती पोहोचेल.

गावकऱ्याने वीज विकावी असे शासनास वाटत असेल, तर ती वाहून नेणारी तार जिवंत ठेवणे ही महावितरणची जबाबदारी ठरते. बिलावर घेतलेली व दिलेली युनिटे छापली जातात. त्यांच्याशेजारी दिवसा किती तास पुरवठा बंद होता, तोही आकडा छापला जावा.