रूट वनकाठची उपनगरे : काम इथे, घर कुठे?

न्यू जर्सीच्या मध्यभागातून जाणाऱ्या रूट वनच्या दुतर्फा वसलेली वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स ही नावे आता अनेक मराठी घरांत कोथरूड-बाणेरइतक्याच सहजपणे उच्चारली जातात. चांगल्या शाळा, न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे आणि औषध, दूरसंचार व वित्त क्षेत्रांतील नोकऱ्या या तीन गोष्टींनी आपल्याला येथे आणले. या गावांचे पुढच्या दहा वर्षांतील रूप सध्या एका कायद्याच्या अंमलबजावणीतून ठरत आहे. आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख होते ती मात्र शेजाऱ्याने पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशातून, आणि तीही ‘आपल्या गावात दाटी वाढणार’ एवढ्याच शब्दांत.

२०२४ च्या मार्चमध्ये तत्कालीन राज्यपाल फिल मर्फी यांनी स्वाक्षरी केलेला हा कायदा परवडणाऱ्या घरांविषयीचा आहे. २०२५ ते २०३५ या दशकासाठी नगरपालिकांनी आपल्या वाट्याच्या घरांची संख्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत मान्य करायची, ३० जूनपर्यंत आराखडा सादर करायचा आणि १५ मार्च २०२६ पर्यंत जमीनवापराचे नियम त्यानुसार बदलायचे, असा त्याचा क्रम. माँटव्हेलच्या पुढाकाराने अनेक नगरपालिका याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यातील युक्तिवाद कायदेशीर असले, तरी त्यामागची भावना साधी आहे. आमचे गाव आहे तसे राहू द्या, ही ती भावना.

हा वाद आजचा नाही. १९७५ साली माउंट लॉरेल या गावाविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जमिनीच्या नियमांचा वापर करून गरीब व अल्प उत्पन्न कुटुंबांना गावाबाहेर ठेवणे राज्यघटनेत बसत नाही. एका घरासाठी किती जमीन हवी, सदनिकांना परवानगी द्यायची की नाही, हे वरवर निरुपद्रवी वाटणारे नियमच कुंपणाचे काम करतात, हे त्या निकालाने उघड केले. गावांनी तो फारसा मनावर घेतला नाही, तेव्हा १९८३ च्या दुसऱ्या निकालाने विकासकांना गावाविरुद्ध दाद मागण्याचे हत्यार दिले. आपल्या ओळखीच्या वेस्ट विंडसरलाही त्याची धार लागली आहे. टोल ब्रदर्स या बांधकाम कंपनीने लढवलेल्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने टाउनशिपविरुद्ध निकाल कायम केला. आज तेथे दिसणाऱ्या काही दाट वसाहतींमागे हा इतिहास आहे, आणि त्यांत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची संख्या थोडी नाही.

येथे नोकऱ्या आल्या कशा, हे समजून घेतल्याशिवाय घरांचा प्रश्न कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून मोठ्या कंपन्यांनी आपल्या प्रयोगशाळा शहरांतून काढून हिरवळीत नेल्या. आरसीएची प्रयोगशाळा प्रिन्स्टनजवळ आली. बेल लॅब्ज मरे हिलला होतीच, तिने होल्मडेलला ईरो सारिनेन या वास्तुविशारदाकडून काचेची प्रचंड इमारत बांधून घेतली. चहूबाजूंना तळी, झाडे, वाहनतळ आणि मध्ये कार्यालय, असा हा साचा होता. गावाला करउत्पन्न मिळे, कंपनीला शांतता मिळे, आणि कर्मचारी मोटारीने येत-जात असल्याने त्यांच्या घरांची चिंता कोणालाच करावी लागत नसे. नव्वदच्या दशकात संगणक क्षेत्रातील मराठी तरुण येथे आले ते या साच्याच्या भरभराटीच्या अखेरच्या टप्प्यात.

आता हा साचा मोडतो आहे. होल्मडेलची ती इमारत दूरसंचार उद्योगाच्या पडझडीत रिकामी झाली आणि आज ‘बेल वर्क्स’ या नावाने तिच्यात अनेक लहानमोठ्या कंपन्यांची कार्यालये, दुकाने, उपाहारगृहे आणि चक्क गावाचे ग्रंथालय नांदते आहे. सुट्टीच्या दिवशी लोक ती पाहायला जातात. ट्रान्झिस्टरचे जन्मस्थान असलेले मरे हिलही सोडून न्यू ब्रन्सविक शहराच्या मध्यभागी जाण्याचा निर्णय नोकियाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. रेल्वे स्थानक, विद्यापीठ आणि रुग्णालय पायी गाठता येईल अशी जागा संशोधकांना हवी आहे, असा त्याचा अर्थ. करोनानंतर घरून काम करण्याची सवय रुळली आणि एकाकी कार्यालयांची मागणी आणखी आटली. वेस्ट विंडसरमध्ये अमेरिकन सायनामिडच्या जुन्या संशोधन केंद्राच्या विस्तीर्ण जागेसाठी अखेर गोदामांचा प्रकल्प मंजूर झाला. शास्त्रज्ञांच्या जागी माल चढवणारे-उतरवणारे, हा बदल एका ओळीत सांगता येतो. तो पचवणे गावाला जड जाते.

नवे काहीच येत नाही, असे नव्हे. २०२५ च्या मार्चमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ, राज्य सरकार, मायक्रोसॉफ्ट आणि कोअरवीव्ह यांनी मिळून कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र वेस्ट विंडसरमध्ये सुरू केले. अशा केंद्रांतील नोकऱ्या उत्तम वेतनाच्या असतात, पण संख्येने थोड्या. संख्येने मोठ्या असलेल्या नोकऱ्या पाहायच्या तर प्लेन्सबरोच्या रुग्णालयात जावे. हे रुग्णालय २०१२ साली प्रिन्स्टन गावातून रूट वनवर आले. परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी, स्वयंपाकघर, नोंदणी कक्ष असे सगळे मनुष्यबळ तेथे चोवीस तास लागते. रॉबिन्सव्हिलमध्ये ॲमेझॉनचे गोदाम २०१४ पासून आहे. शाळा, पाळणाघरे, वृद्धांची निवासस्थाने, किराणा दुकाने हीदेखील याच रांगेत येतात. आपल्याकडे ‘नोकरी’ म्हटले की लॅपटॉप डोळ्यांसमोर येतो. उपनगराचा गाडा मात्र या दुसऱ्या नोकऱ्यांवर चालतो.

हीच गोष्ट प्रेक्षणीय स्थळांची. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांना दाखवायच्या ठिकाणांची यादी आता न्यूयॉर्कवर थांबत नाही. हॅमिल्टनमध्ये जुन्या राज्य जत्रेच्या मैदानावर १९९२ साली उभे राहिलेले ‘ग्राउंड्स फॉर स्कल्प्चर’ हे शिल्पोद्यान, हिल्सबरोची सुमारे २,७०० एकरांची ड्यूक फार्म्स, डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठची पायवाट, लॉरेन्समधील टरह्यून ऑर्चर्ड्सचा सफरचंदांचा मळा, ऑक्टोबर २०२३ मध्ये खुले झालेले रॉबिन्सव्हिलचे अक्षरधाम मंदिर आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस नव्या इमारतीत पुन्हा उघडलेले, प्रवेशशुल्क नसलेले प्रिन्स्टन विद्यापीठाचे कलासंग्रहालय. एवढ्या लहानशा टापूत इतके वैविध्य अमेरिकेतही सर्वत्र आढळत नाही. तरीही मुलगा-सून कामावर गेले की ज्येष्ठ मंडळी यांपैकी कोठेही एकटी जाऊ शकत नाहीत, कारण पदपथ अर्ध्यावर संपतो आणि बस असली तर तासाने येते. येथील सौंदर्य मोटारीच्या मालकांसाठी राखीव आहे.

या बागा, मळे, संग्रहालये आणि उपाहारगृहे चालवणारे हात कोणाचे असतात? तिकीट खिडकी, बागकाम, सुरक्षा, स्वच्छता, उन्हाळी शिबिरे ही कामे बहुधा तासावर आणि बरीचशी हंगामी. राज्याचे किमान वेतन २०२५ साली तासाला १५.४९ डॉलर होते. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर खंड न पडता काम केले तरी हाती सुमारे ३२ हजार डॉलर पडतात. राज्यातील घरमालकाचा सरासरी मालमत्ताकरच वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे, आणि या गावांत तो त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा हे कर्मचारी ट्रेंटनहून, न्यू ब्रन्सविकहून, पेनसिल्व्हेनियातून येतात, आणि रूट वनवरच्या ज्या कोंडीबद्दल आपण कुरकुरतो तिचा एक भाग होतात. घरे वाढली तर वाहतूक वाढेल, या आक्षेपात म्हणूनच अर्धेच सत्य आहे. कामाजवळ घर नसल्यामुळे होणारी वाहतूक आक्षेप घेणारा कधी मोजत नाही.

शाळांबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. येथे मालमत्ताकराचा निम्म्याहून अधिक वाटा शाळांना जातो. मुले वाढली, कार्यालये रिकामी राहिली, तर भार घरमालकांवर येणार, ही भीती खरी आहे. राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर २०१७ साली घातलेली दहा हजार डॉलरची मर्यादा २०२५ मध्ये चाळीस हजारांपर्यंत वाढल्याने अनेक कुटुंबांना दिलासा मिळाला. पण पाच लाखांपुढे उत्पन्न गेले की तो कमी होत जातो. प्रश्न एवढाच की, या भीतीवरचा उपाय घरे अडवणे हा आहे, की रिकाम्या कार्यालयांच्या जमिनीचा वापर बदलणे? दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. वाहनतळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, रस्ते तेथे आधीच आहेत. शेते बुजवण्यापेक्षा ओस वाहनतळावर सदनिका उभारणे गावाला स्वस्त पडेल.

आणि ‘परवडणारी घरे’ म्हणजे कोण? विभागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमाई असलेले कुटुंब यास पात्र ठरते. नुकताच रुजू झालेला शिक्षक, रुग्णालयातील तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर एकटी राहणारी स्त्री या मर्यादेत सहज बसू शकतात. आपल्या मुलांना गणित शिकवणारी व्यक्ती त्याच गावात राहिली, तर कोणाचे काय बिघडते, हे कोणीतरी सभेत उभे राहून विचारायला हवे.

आपल्या समाजाच्या बाजूने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. अमेरिकेतच राहून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचे पुढे स्पष्ट करण्यात आले. तरी भारतातून थेट येणारी नवी फळी त्यामुळे रोडावणार. जे येथे आहेत ते ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे आहेत, कारण कोणत्याही एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्या रांगेचे पडसाद घराघरांत कसे उमटतात ते पाहावे. पुण्यात जन्मलेली थोरली मुलगी एच-४ व्हिसावर असते, म्हणून सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानातही ती पगारी काम करू शकत नाही. येथे जन्मलेला धाकटा भाऊ मात्र ऑनलाइन परवाना काढून जलतरण तलावावर जीवरक्षक होतो. एकविसाव्या वर्षी त्या मुलीचा एच-४ संपतो आणि तिला दुसरी वाट शोधावी लागते. आईची स्थितीही फारशी वेगळी नसते. पतीच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच २०१५ च्या नियमाने तिला कामाची परवानगी मिळते. तोवर सुशिक्षित, अनुभवी स्त्रिया या समृद्ध गावांत ग्रंथालयाच्या किंवा मराठी शाळेच्या विनावेतन कामावर भागवतात.

ही कुटुंबे बहुतांशी भाड्याच्या सदनिकांत राहतात. प्लेन्सबरोच्या जुन्या सदनिका संकुलांत ज्यांनी पहिली पाच-सात वर्षे काढली, त्यांतील कित्येक जण आज स्वतःच्या घराच्या अंगणातून नव्या सदनिकांना विरोध करताना दिसतात. त्यांना मतदानाचा हक्क मिळालेला असतो. सदनिकेत राहणाऱ्या नवागतास तो नसतो. मात्र नियोजन मंडळाच्या जाहीर सुनावणीत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. प्रकल्पांचे आराखडे एकेक करून या मंडळांपुढे येत राहतील, आणि सभांच्या तारखा नगरपालिकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तेथील ध्वनिक्षेपकासमोर आजवर बहुधा घरमालकच उभे राहिलेले दिसतात.