दोन भुजांची तार

मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावी धान्याच्या आडतीचा व्यवसाय करणारे एक कच्छी जैन कुटुंब तीन पिढ्यांपासून स्थायिक आहे. खाली दुकान, मागे पत्र्याचे गोदाम आणि वर राहते घर. त्या घरातील अकरावीत शिकणाऱ्या नातीने हौशी रेडिओची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली, आणि केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून परवाना हाती आल्यावर गच्चीवर तार बांधण्याची अनुमती दादांकडे मागितली. या घरात आजोबांना दादा म्हणतात.

दादांनी नकार दिला. त्यांची कारणे तीन होती: तार वीज ओढून घेईल, रस्त्यावरील विजेच्या तारांशी तिचा कधी तरी संबंध येईल, आणि पाखरे अडकतील. संक्रांतीच्या मांज्याने पंख चिरलेली कबुतरे त्यांनी अनेक वर्षे आपल्या हाताने पांजरपोळात पोहोचवली होती. मुलीने वाद घातला नाही. मात्र या तारेचा उपयोग काय, असे दादांनी विचारले, तेव्हा तिने एकच शब्द उच्चारला: भचाऊ.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छची भूमी हादरली, तेव्हा दादांची धाकटी बहीण, म्हणजे घरातील सर्वांच्या फईबा, भचाऊला सासरी होत्या. दूरध्वनी मुके झाले होते. दुकानाच्या गादीवर बसून दादा दिवसभर तोच एक क्रमांक फिरवीत राहिले होते. फईबा वाचल्या, हे चौथ्या दिवशी एका ट्रकचालकाकडून कळले. त्याच दिवसांत निरनिराळ्या राज्यांतील हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन कच्छमध्ये पोहोचले होते आणि निरोपांची देवाणघेवाण करीत होते, हे दादांना ठाऊक नव्हते. मुलीने ते अभ्यासाच्या पुस्तकात वाचले होते. त्या रात्री दादा काही बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी गोदामातील लांब बांबू काढून देण्यास हमालाला सांगितले.

आता त्या तारेविषयी. दिसण्यात ती कपडे वाळत घालण्याच्या दोरीपेक्षा वेगळी नाही. सारख्या लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, आणि तेथून खाली संचापर्यंत जाणारी केबल. केबलचा आतील गाभा एका भुजेला आणि त्याभोवतीची जाळी दुसऱ्या भुजेला जोडतात. हिला द्विध्रुव किंवा डायपोल म्हणतात. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास विद्युतलहरी प्रथम सिद्ध केल्या, तेव्हा त्याच्याही उपकरणाला अशाच दोन भुजा होत्या.

लांबीचा हिशेब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हे उत्तर सुमारे २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक भुजा दहा मीटरहून किंचित अधिक. मुलीने प्रत्येक भुजा १०.४ मीटर ठेवली. कापडाच्या दुकानात वाढलेल्या कोणालाही यामागचे कारण सांगावे लागणार नाही. कापलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही.

पहिला प्रयत्न साफ फसला. तार गच्चीच्या कठड्यावरून आडवी बांधली होती आणि तिची एक भुजा गोदामाच्या पत्र्यावरून जेमतेम हातभर उंचीवर गेली होती. संचाकडून तारेकडे पाठवलेली शक्ती किती प्रमाणात परत येते, हे एसडब्ल्यूआर नावाच्या आकड्यावरून समजते. बँकेच्या भाषेत, न वटता परत आलेले धनादेश. हा आकडा १ असेल तर काहीच परत येत नाही, दीड असेल तर शेकडा ४ आणि ३ असेल तर शेकडा २५. येथे तो ५ च्या वर होता. म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती दारातूनच माघारी फिरत होती.

रस्त्यापलीकडील कडुलिंबाला तार बांधली तर पत्र्यापासून सुटका होईल, असे मुलीला वाटले. दादांनी ते होऊ दिले नाही, आणि या बाबतीत शंभर टक्के बरोबर दादाच होते. त्या रस्त्यावरून विजेच्या तारा जातात. आपली तार तुटून त्यांच्यावर पडली तर दुसरे टोक हाती धरलेल्या माणसाला वाचवण्यास वेळच मिळत नाही. अशा अपघातांत माणसे खरोखरच दगावलेली आहेत. तार तुटली तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचू नये, इतके अंतर मोजूनच जागा ठरवावी लागते.

अखेर बांबू गच्चीच्या मधोमध उभा राहिला. तारेचा मध्यभाग त्याच्या टोकाला, जमिनीपासून नऊ मीटरवर बांधला गेला आणि दोन्ही भुजा दोन बाजूंना उतरत्या आल्या, उलट्या इंग्रजी व्हीसारख्या. एकाच आधाराने भागते, हा या रचनेचा मोठा लाभ. टोके मात्र कोणाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवली, कारण संदेश जात असताना टोकांशी विद्युतदाब सर्वाधिक असतो.

शिक्षकांकडून मापनयंत्र मागून आणल्यावर दोष उघड झाला. तार ६.७ मेगाहर्ट्झला जुळत होती, म्हणजे ती लांब होती. १०.४ मीटर ठेवली ती थोडी जास्तच होती. शिवाय वायरवरील प्लॅस्टिकच्या आवरणामुळे तार विद्युतदृष्ट्या आणखी दोन-तीन टक्के लांब भासते, हे सूत्रात धरलेले नसते. येथे दादा पुढे सरसावले. त्यांनी चष्मा लावला, मुनीमजींच्या वहीच्या पाठीवर त्रैराशिक मांडले: १०.४ गुणिले ६.७, भागिले ७.१. उत्तर ९.८१. प्रत्येक भुजेतून साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर कमी करावयाचे होते. मुलीने लगेच कात्री चालवली नाही. टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळले, मोजले, पुन्हा दुमडले. चौथ्या खेपेस आकडा १.४ वर आला, तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चौविहाराची वेळ टळल्यामुळे दोघेही उपाशीच राहिले. घरच्या स्त्रियांनी दोघांनाही बोल लावले.

पाखरांचा प्रश्न दादांनी स्वतः सोडवला. बारीक उघडी तांब्याची तार नको, जाड आवरणाचीच हवी. दर मीटरावर पांढऱ्या कापडाची चिंधी बांधावी. टोकांना सुताची जाड दोरी, नायलॉनचा मांजा कदापि नाही. आणि संक्रांतीपूर्वी आठ दिवस तार उतरवून ठेवावी. आकाशातील विजेविषयी नियम आणखी कडक झाला: ढग दाटले की केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी. तार वीज ओढते असे नाही, परंतु जवळपास वीज पडली तरी केबलमार्गे घरात येणारा धक्का संच आणि माणूस दोन्ही जाळू शकतो.

इतकी खाली बांधलेली तार दूर देशांसाठी उत्तम नसते. तिच्या लहरी बहुतांशी वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. पहिल्या पंधरवड्याच्या नोंदवहीत म्हणूनच सोलापूर, नाशिक, बेळगाव अशी गावे दिसतात. तारीख, वेळ, वारंवारता, समोरच्याचे संकेतनाव, आवाजाची प्रत, हे सर्व रकाने दादांनी स्वतः आखून दिले होते, आणि खाडाखोड न करता चूक एका रेघेने छाटण्याची शिस्तही. सूर्य मावळला की याच लहरींचा पल्ला वाढतो.

कार्तिकातील एका संध्याकाळी जामनगरचा एक चालक लागला. आवाजात खरखर होती, परंतु गुजराती स्पष्ट होती. दादा खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "बेटा, त्याला शेंगदाण्याचा भाव विचार."

"दादा, ते विचारता येत नाही. परवान्यात व्यापाराचे बोलणे चालत नाही."

दादा क्षणभर थांबले. "मग थंडी पडली का, ते तर चालेल ना?"

मुलीने बटण दाबले आणि थंडीविषयी विचारले.