हायड्रोजनला थर्माकोलमधून बाहेर काढा



राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपये मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. हा हायड्रोजन बनवणारी यंत्रे पुढे चालवणारी मुले आज आमच्या गारखेड्यासारख्या भागांत आठवी-नववीत शिकताहेत. त्यांना हायड्रोजन भेटतो तो मात्र तक्त्यावर, नाहीतर विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या प्रतिकृतीत.

पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे विद्युत अपघटन नुसते दाखवून भागत नाही. मुलांना आव्हान द्यावे: ठरावीक विजेत जास्तीत जास्त हायड्रोजन मिळवा. पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या कांड्या, धुण्याचा सोडा, परीक्षानळ्या, बॅटरी आणि मल्टिमीटर एवढ्यावर काम होते. कांड्या जवळ आणल्या तर काय होते? सोडा वाढवला तर? पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः 1.23 व्होल्ट लागतात. 9 व्होल्टची बॅटरी जोडली की बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते, हे मुले स्वतः मोजतील. मग कारखान्यात एका किलोला 50 युनिटच्या आसपास वीज का लागते आणि ती कोळशाची असेल तर हायड्रोजन हरित कसा, हे प्रश्न तीच विचारतील.

पाण्याचाही हिशेब मांडू द्या. किलोला किमान 9 लिटर, म्हणजे 50 लाख टनांना सुमारे 1.6 टीएमसी. शुद्धीकरण आणि थंड करण्याचे पाणी वेगळे. जायकवाडी धरणाच्या मानाने हे थोडे की दुष्काळात फार, यावर मराठवाड्यातल्या वर्गात खरा वाद रंगेल.

हायड्रोजन पेट घेतो, ही भीती रास्त आहे. पण वायू परीक्षानळीभरच, खिडक्या उघड्या, ज्योत लांब आणि शिक्षक शेजारी, एवढी शिस्त शाळेला जमते. मीठ मात्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन निघू शकतो.

अभ्यासक्रम आधीच संपत नाही, असे शिक्षक म्हणतील. म्हणूनच या कामाला गुण हवेत. दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. त्यांतले काही अशा रचनेला द्यावेत. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यांनी शेजारच्या शाळांना शनिवारी ती खुली करावी. आणि विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनी सजावटीआधी मुलांची नोंदवही पाहावी: किती रचना फसल्या, का फसल्या आणि पुढच्या वेळी काय बदलले.

– एक पालक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर