वाचा हरपली, बुद्धी नव्हे

पक्षाघाताच्या झटक्यातून जीव वाचतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी नवे संकट समोर उभे राहते. घरचा कर्ता पुरुष पाणी मागू पाहतो आणि मुखातून शब्द निघतो 'चष्मा'. चूक त्याची त्यालाच कळते. तो पुन्हा प्रयत्न करतो, चिडतो आणि अखेर भिंतीकडे तोंड फिरवतो. भेटीस आलेले आप्त त्याच्यादेखत म्हणतात, "आता यांना काही समजत नाही." हा निष्कर्ष घाईचा असतो आणि पुष्कळदा अन्यायाचाही.

या अवस्थेस वाचाघात म्हणतात. १८६१ मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी, केवळ 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूची त्याच्या मृत्यूनंतर तपासणी केली. डाव्या भागात पुढच्या बाजूस इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी निराळा प्रकार वर्णिला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. काहींची भाषा मात्र शाबूत असते. जीभ व ओठ दुर्बल झाल्याने केवळ उच्चार अस्पष्ट होतात. यांतील नेमके काय बिघडले, हे ठरवणे वाचाउपचारतज्ज्ञाचे काम.

त्याचे पहिले काम अनेकदा बोलण्याचे नसून गिळण्याचे असते. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडली, तर प्रेमाने पाजलेले घोटभर पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत रुग्णाच्या मुखी काहीही घालू नये.

पुढे चित्रे ओळखणे, वस्तूंची नावे आठवणे, लहान वाक्ये जुळवणे असा सराव सुरू होतो. कित्येकदा साधा शब्द न सुचणारा रुग्ण एक ते दहा अंक सलग म्हणतो, बालपणापासून मुखोद्गत असलेली प्रार्थना पूर्ण करतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. तज्ज्ञ मात्र अशा उरलेल्या वाटांचाच उपयोग करून घेतो. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते, परंतु नंतरही ती थांबतेच असे नाही. उपचारक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे मात्र अवश्य पाहावे.

उरलेला उपचार घरानेच करायचा असतो. दूरदर्शन संच बंद ठेवावा, एका वेळी एकानेच बोलावे, वाक्य लहान असावे. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. मोठ्याने ओरडूही नये. अडचण कानांची नाही.

सर्वांत मोठी हानी पुढेच होते. बोलता येत नाही म्हणून घराचे व्यवहार, मुलीचे स्थळ, दुकानाची वाटणी यांतून त्याला वगळले जाते. कागद पुढे सरकवून अंगठा घेतला जातो. जन्मभर ज्याने हिशेब सांभाळला, त्याला एका शब्दाच्या अभावी खात्यातून वजा करणे हा कोणता न्याय? कागद पुढे करण्याआधी मजकूर सावकाश समजावून सांगावा, तज्ज्ञाकडून त्याची समज पडताळून घ्यावी आणि त्याच्या होकाराची वाट पाहावी. ते मौन रिकामे आहे, असे आपणच ठरवू नये.