उचलून नेता येईल असे जग

‘नव्या लाँचरमध्ये सगळे पुन्हा मांडा, त्यात एवढे काय?’ असे म्हणणाऱ्यांनी माइनक्राफ्टमध्ये मॉडचा संसार कधी थाटलेला नसतो. शंभर-दीडशे मॉड, प्रत्येकाची नेमकी आवृत्ती, हाताने जुळवलेल्या कॉन्फिग फायली आणि त्या साऱ्यावर उभे राहिलेले एक जग. यांतला एखादा मॉड गळला आणि जग तसेच उघडले, की त्या मॉडचे ठोकळे नाहीसे होतात. ही जुळवाजुळव म्हणजे निर्मितीच. तिला नुसते ‘सेटिंग’ म्हणणे हा विचाराचा आळस होय.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पॉलीएमसी या लाँचरच्या प्रमुखाने सहकाऱ्यांचे अधिकार अचानक काढून घेतले. पॉलीएमसी स्वतःही मल्टीएमसीतून फुटून निघालेला. दुरावलेल्या सहकाऱ्यांनी लगेच प्रिझम लाँचर उभा केला, आणि खेळाडू आपापली जगे घेऊन तिकडे जाऊ शकले. हे कशामुळे घडले? आज्ञावली खुल्या परवान्याखाली होती आणि प्रत्येक मांडणी साध्या फोल्डरात होती. ‘इन्स्टन्सेस’मधला फोल्डर उचलावा, नव्या ठिकाणी ठेवावा, इतकेच.

सगळे सुरळीत चालले असता ही चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण भांडण सांगून येत नाही, आणि त्या दिवशी नवे दार पाडता येत नाही. म्हणून लाँचर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: उद्या येथून उठायचे झाले, तर माझे जग मला नेता येईल का?