विश्लेषण : कार्नेशनच्या ‘मर’ रोगावर ट्रायकोडर्मा कितपत उपयोगी?

पुणे जिल्ह्यात तळेगाव, मावळ परिसरातील पॉलिहाऊसमध्ये कार्नेशनची फुले घेतली जातात. एकदा लावलेले पीक साधारण दोन वर्षे फुले देते. मध्येच झाडे वाळली, तर लागवडीचा सारा खर्च अंगावर येतो.

मर रोग कशामुळे होतो?
‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ ही बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. अनेकदा झाडाची एकच बाजू आधी पिवळी पडते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे तग धरतात. खोडात शिरलेली बुरशी वरच्या फवारणीने जात नाही.

जैविक नियंत्रण कसे चालते?
ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावते, रोगकारक बुरशीवरही वाढते. ‘स्यूडोमोनास फ्लुरोसन्स’ हा जिवाणू झाडाची प्रतिकारशक्ती जागवतो.

मग अपयश का येते?
हे उपाय प्रतिबंधक आहेत. झाड वाळू लागल्यावर दिल्यास उपयोग होत नाही. कार्बेन्डाझिमसोबत दिल्यास मित्रबुरशीच मरते. ट्रायकोडर्माच्या भुकटीत प्रति ग्रॅम किमान २० लाख जिवंत घटक असावेत, असा भारतातील नोंदणीचा निकष आहे. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत संपलेल्या पुड्यात ते उरत नाहीत.

योग्य क्रम कोणता?
उन्हाळ्यात ओल्या वाफ्यांवर चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरावे. नंतर कुजलेल्या शेणखतात वा निंबोळी पेंडीत ट्रायकोडर्मा मिसळून द्यावे आणि रोगमुक्त रोपेच लावावीत. रोग रोपांतूनच आला, तर वाफ्यावरची मेहनत वाया जाते.